बुलोनच्या वारसदार लेकी

नमस्कार, श्रोतेहो.

फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, जिथे समुद्र अरुंद होत होत जेमतेम चौतीस किलोमीटरचा उरतो आणि स्वच्छ हवेत पलीकडचे इंग्लंडचे पांढरे कडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, तिथे बुलोन नावाचे बंदर आहे. मध्ययुगात या बंदराचा आणि भोवतालच्या मुलखाचा जो वंशपरंपरागत सरदार असे, त्याला बुलोनचा काउंट म्हणत. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या काउंटपदाबद्दल, आणि विशेषेकरून ज्या स्त्रियांच्या लग्नांतून ते एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात गेले, त्या स्त्रियांबद्दल. बाराव्या आणि तेराव्या शतकात हे पद चार पिढ्यांत चार वेळा मुलीकडे आले. वंशावळीचा कागद समोर ठेवला, तर या चार नावांभोवती नवऱ्यांची नावे दाटीवाटीने लिहिलेली दिसतात, आणि तो कागद पाहताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा त्या चार नावांकडेच जाते.

आधी तिथला रिवाज समजून घेऊ. मुलगा असेल तर वतन मुलाला मिळे. मुलगा नसेल, तर मुलीला. आपल्याकडच्या संस्थानांचा इतिहास माहीत असलेल्या श्रोत्यांना लगेच प्रश्न पडेल, की अशा वेळी दत्तक का घेत नसत? तर दत्तक घेऊन वारस करण्याची सोय त्या समाजात नव्हती. रक्ताचा वारस हाच वारस, आणि मुलगी ही रक्ताची असल्यामुळे दूरच्या चुलतभावापेक्षा तिचा हक्क मोठा. ऐकायला हे बरे वाटते. पण वतनाबरोबर लढाईला स्वार पाठवण्याची जबाबदारी येत असे, किल्ले राखावे लागत, वरच्या राजाला नजराणा देऊन त्याच्या हातात हात ठेवून निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि ही कामे पुरुषाने करायची असे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. म्हणून मुलगी वारस झाली की तिचा नवरा तिच्या अधिकाराने काउंट होई. हक्क तिचा, सत्ता त्याची. तिचे लग्न हा मग राज्यकारभाराचा विषय बने आणि तिच्या वरच्या अधिपतीच्या संमतीवाचून ते होणे कठीण असे.

बुलोनच्या बाबतीत ही ओढाताण आणखी वाढली, कारण या काउंटांचा एक पाय समुद्राच्या पलीकडे होता. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा बुलोनचा काउंट दुसरा युस्ताश त्याच्या बाजूने हेस्टिंग्जच्या लढाईत होता आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला इंग्लंडमध्ये मोठ्या जमिनी मिळाल्या. याच युस्ताशचे दोन मुलगे, गॉडफ्री आणि बॉल्डविन, पहिल्या धर्मयुद्धात जेरुसलेमला गेले. गॉडफ्री त्या शहराचा रक्षक झाला आणि त्याच्यामागून बॉल्डविन जेरुसलेमचा राजा. थोरला मुलगा तिसरा युस्ताश मात्र परत आला, बुलोनला राहिला आणि त्याने स्कॉटलंडच्या राजकन्येशी लग्न केले. त्यांना एकच मुलगी, मटिल्डा. इथून आपली हकिकत सुरू होते.

मटिल्डाचे लग्न 1125 मध्ये ब्ल्वाच्या स्टीफनशी झाले. तिच्या वडिलांनी संन्यास घेऊन मठाची वाट धरली आणि स्टीफन पत्नीच्या अधिकाराने बुलोनचा काउंट झाला. स्टीफन हा इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा भाचा. 1135 च्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेला हेन्री वारला, आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला स्टीफनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. हेन्रीने आपल्या मुलीला वारस ठरवले होते आणि सरदारांकडून तशा शपथा घेतल्या होत्या; खुद्द स्टीफननेही ती शपथ घेतली होती. पण ती दूर होती, आणि बुलोनचा काउंट एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर होता. बायकोच्या माहेरचे बंदर त्याच्या हाताशी नसते, तर इंग्लंडची गादी त्याला इतक्या झटपट मिळाली नसती असे मला वाटते.

हेन्रीच्या या मुलीचे नावही मटिल्डाच. दोघी मटिल्डा एकमेकींच्या सख्ख्या मावसबहिणी, आणि स्टीफन हा हेन्रीच्या मुलीचा आतेभाऊ. म्हणजे पुढे जे यादवी युद्ध पेटले, ते अगदी घरातले होते. 1141 च्या फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला, तेव्हा बुलोनची मटिल्डा रडत बसली नाही. तिने स्वतःच्या वतनातून सैन्य उभे केले, लंडन आपल्या बाजूला वळवले, प्रतिपक्षाचा सेनापती पकडला गेला तेव्हा त्याच्या बदल्यात नवऱ्याची सुटका करून घेतली. त्या चार स्त्रियांपैकी आपल्या वतनाची ताकद स्वतःच्या मनाप्रमाणे वापरण्याची संधी बहुधा हिलाच सर्वांत जास्त मिळाली. 1152 मध्ये ती वारली.

तिचे दोन मुलगे क्रमाने बुलोनचे काउंट झाले. थोरल्या युस्ताशचे लग्न फ्रान्सच्या राजाच्या बहिणीशी झाले होते, पण तो 1153 मध्ये निपुत्रिक गेला. धाकटा विल्यम 1159 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या मोहिमेवरून परतताना गेला, तोही निपुत्रिक. आता त्या घराण्यात एकच जीव उरला होता, आणि तो मठात होता.

श्रोतेहो, मारीची ही गोष्ट मी जरा सावकाश सांगतो. मारी ही स्टीफन आणि मटिल्डा यांची धाकटी मुलगी. लहानपणापासून ती मठात वाढली, तिने जोगिणीचे व्रत घेतले आणि भाऊ वारला त्या सुमारास ती दक्षिण इंग्लंडमधल्या रॉम्झीच्या मठाची प्रमुख होती. तिचे वय तेव्हा चोविशीच्या आसपास असावे. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे व्रतस्थ जोगीण लग्न करू शकत नाही. तिचे व्रत आयुष्यभराचे असते. तरीही 1160 मध्ये फ्लँडर्सच्या काउंटचा मुलगा मात्यू याच्याशी तिचे लग्न लावण्यात आले. यामागे इंग्लंडचा नवा राजा दुसरा हेन्री याची इच्छा होती असेच दिसते, कारण बुलोनचे बंदर त्याला आपल्या माणसाच्या हाती हवे होते आणि फ्लँडर्सची मैत्रीही हवी होती. त्या काळच्या बखरकारांनी या प्रकाराची नोंद करताना संताप लपवलेला नाही. एका मठाच्या प्रमुखेला मठातून काढून बोहल्यावर उभे केले जाते, हे त्यांनी पूर्वी कधी पाहिलेले नव्हते.

मारीला त्या लग्नातून दोन मुली झाल्या. चर्चने मात्यूवर बहिष्कार घातला, दडपण वाढत गेले, आणि सुमारे दहा वर्षांनी ते लग्न रद्द ठरले. मारी पुन्हा जोगीण झाली. या वेळी फ्रान्समध्ये, माँत्रय इथल्या मठात, आणि तिथेच ती 1182 मध्ये वारली. तिने फ्रान्सचा राजा सातवा लुई याला लिहिलेले एक पत्र टिकून राहिले आहे. त्यात ती दुसऱ्या हेन्रीच्या कारस्थानांबद्दल लुईला सावध करते, आणि त्या पत्रातला राग वाचणाऱ्याला आजही जाणवतो. ज्या राजाच्या सोयीसाठी तिचे आयुष्य उलटेपालटे झाले, त्याला तिने माफ केले नव्हते.

आता पाहा, लग्न रद्द झाले, बायको मठात परतली, पण मात्यू मात्र बुलोनचा काउंट म्हणून राहिलाच, आणि त्या दोन मुलीही औरस मानल्या गेल्या. व्रत मोडून झालेले लग्न धर्माला मान्य नव्हते. त्या लग्नातून मिळालेले वतन मात्र कोणी परत मागितले नाही. 1173 मध्ये मात्यू नॉर्मंडीतल्या एका वेढ्यात जखमी होऊन मेला, आणि त्याची थोरली मुलगी इदा बारा-तेरा वर्षांची असताना बुलोनची काउंटेस झाली.

इदाचा सांभाळ चुलत्याकडे, म्हणजे फ्लँडर्सच्या काउंट फिलिपकडे आला आणि तिची लग्नेही त्यानेच ठरवली. पहिला नवरा गेल्डर्सचा काउंट, दुसरा त्सेरिंगनचा ड्यूक. दोघेही जर्मन मुलखातले आणि दोघेही लवकर वारले. 1186 मध्ये इदा पुन्हा विधवा झाली तेव्हा तिचे वय पंचवीसच्या घरात होते. आता तिच्यापुढे दोन माणसे आली. एक होता शेजारच्या गीन परगण्याचा तरुण वारस आर्नूल. दुसरा रनो द दामार्तँ, फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याचा बालमित्र, देखणा, धाडसी आणि महत्त्वाकांक्षी. रनोचे आधी लग्न झालेले होते; ती बायको त्याने सोडली.

पुढे काय झाले, ते आपल्याला आर्द्र गावच्या लँबेर नावाच्या धर्मगुरूने लिहून ठेवले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे इदा आणि आर्नूल यांच्यात गुप्तपणे निरोपांची देवाणघेवाण चालू होती. 1190 च्या सुमारास रनोने इदाला पळवले आणि थेट लॉरेनमध्ये नेऊन ठेवले. तिथून इदाने आर्नूलला कळवले, की तू आलास तर मी तुझ्याशी लग्न करीन. आर्नूल थोडे सोबती घेऊन निघाला, पण रनोला ही बातमी आधीच लागली होती, आणि व्हर्दंला पोहोचताच आर्नूल पकडला गेला. काही काळ कैदेत काढून तो सुटला, तोवर इदा रनोची बायको झाली होती.

लँबेरच्या लेखणीत इदा चंचल आणि विलासी आहे. पण लँबेर हा आर्नूलच्याच घराण्याच्या आश्रयाला असलेला माणूस होता, त्याच घराण्याचा इतिहास तो लिहीत होता, आणि आपल्या धन्याच्या फजितीचा दोष कोणावर तरी टाकणे त्याला भागच होते. मी ती हकिकत वाचतो तेव्हा मला एक वेगळीच स्त्री दिसते. चुलत्याने दोनदा परमुलखात दिलेली, दोनदा विधवा झालेली, आपला तिसरा नवरा आपण निवडावा अशी इच्छा धरणारी आणि ती निवड करण्याआधीच घोड्यावर घालून नेलेली. तिने आर्नूलला बोलावले ते मनापासून, की रनोच्या सांगण्यावरून, याचा निकाल आता लागणे शक्य नाही, पण तिच्याबद्दलचे लँबेरचे शब्द निकाल म्हणून स्वीकारायला माझे मन तयार होत नाही.

रनो आता बुलोनचा काउंट झाला. राजाला त्याने भरपूर नजराणा दिला, आणि 1201 मध्ये त्याच्या आणि इदाच्या एकुलत्या एका मुलीची सोयरीक खुद्द राजाच्या मुलाशी ठरली. दोघेही तेव्हा पाळण्यातल्या वयाचे. पण रनोचे राजाशी बिनसले. 1212 मध्ये तो इंग्लंडच्या जॉन राजाला जाऊन मिळाला, आणि 27 जुलै 1214 रोजी बूव्हीनच्या मैदानावर फिलिप ऑगस्टसविरुद्ध लढला. त्या दिवशी शेवटपर्यंत मैदानात टिकून राहिलेल्यांत तो होता. भालाईतांचे कडे करून तो आत विसावा घेई आणि पुन्हा बाहेर येऊन लढे. अखेर त्याचा घोडा पडला, तो खाली सापडला आणि कैद झाला. पेरॉनच्या किल्ल्यात त्याला ठेवले ते असे: पायात बेडी, बेडीला जेमतेम अर्ध्या पावलाची साखळी, आणि साखळीचे दुसरे टोक लाकडाच्या एका जड ओंडक्याला. देहधर्मासाठी त्याला उठायचे असेल, तेव्हा दोन माणसांना तो ओंडका मोठ्या कष्टाने सरकवावा लागे. अशा स्थितीत त्याने जवळजवळ तेरा वर्षे काढली आणि कैदेतच तो मेला.

इदा 1216 मध्ये वारली. तिच्या मुलीचे नाव पणजीचेच, मटिल्डा. फ्रेंच वळणाने आपण तिला मातिल्द म्हणू. ठरल्याप्रमाणे तिचे लग्न राजपुत्र फिलिपशी झाले. डोक्यावरच्या राठ केसांवरून त्याला युरपेल म्हणत. बाप ओंडक्याला बांधलेला, आणि ज्याने बांधला त्याच्या मुलाच्या घरात मुलगी काउंटेस म्हणून नांदते आहे, ही स्थिती मातिल्दने कशी सोसली असेल याचा विचार मनातून जात नाही. फिलिप युरपेलने बुलोनला नवा तट घातला आणि एक किल्ला बांधला. आठ-नऊ बुरुजांचा, मधोमध बालेकिल्ला नसलेला तो किल्ला आजही उभा आहे आणि त्यात संग्रहालय आहे.

1234 च्या सुमारास युरपेल वारला. फ्रान्सची राजमाता ब्लांश हिने विधवा मातिल्दचे दुसरे लग्न आपल्या भाच्याशी लावून दिले. तो म्हणजे पोर्तुगालचा धाकटा राजपुत्र अफोन्सो. मावशीच्या आश्रयाने फ्रान्सच्या दरबारात राहणाऱ्या आणि हाती स्वतःचे काही नसलेल्या या तरुणाला बुलोनचे काउंटपद मिळाले. 1245 मध्ये पोपने त्याच्या थोरल्या भावाकडून पोर्तुगालचा कारभार काढून घेऊन तो अफोन्सोला सोपवला. अफोन्सो गेला, भावाशी लढला, भावाच्या मृत्यूनंतर 1248 मध्ये राजा झाला आणि पुन्हा कधीही बुलोनला आला नाही. मातिल्द इकडेच राहिली. 1253 मध्ये तिला कळले, की तिच्या नवऱ्याने कास्तिलच्या राजाच्या अनौरस मुलीशी, बेआत्रिसशी, लग्न केले आहे. ती मुलगी तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती.

मातिल्द गप्प बसली नाही. तिने पोपकडे दाद मागितली. पोप चौथा अलेक्झांडर याने तिची बाजू उचलून धरली आणि अफोन्सो जिथे राहील तिथे धार्मिक विधी बंद ठेवण्याचा हुकूम काढला. अफोन्सो ढिम्म हलला नाही. तो फक्त वाट पाहत राहिला. 1259 च्या सुमारास मातिल्द वारली, पोर्तुगालच्या बिशपांनी रदबदली केली, आणि 1263 मध्ये पुढच्या पोपने ते दुसरे लग्न आणि त्यातली मुले कायदेशीर ठरवली. त्या मुलांतला दिनिश पुढे राजा झाला. 1510 मध्ये ज्याच्या आरमाराने गोवा घेतला तो मानुएल राजा याच दिनिशच्या वंशातला आहे. पोर्तुगालच्या त्या राजांची मूळ आई बेआत्रिस. मातिल्दचे त्या वंशावळीत स्थान नाही.

तिची एकुलती मुलगी झान तिच्या आधीच, 1252 मध्ये, निपुत्रिक वारली होती. झानचा नवरा नवव्या लुईबरोबर धर्मयुद्धाला जाऊन इजिप्तमध्ये मारला गेला होता. म्हणून मातिल्दबरोबर इदाची शाखा संपली. हक्कदार बरेच उभे राहिले, पण शेवटी वतन गेले ते इदाच्या धाकट्या बहिणीच्या वंशात. त्या बहिणीची मुलगी आलिक्स ओव्हेर्न परगण्याच्या काउंटला दिलेली होती, आणि तिच्याबरोबर समुद्रकाठचे बुलोन मध्य फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्नशी जोडले गेले. पुढची दीडशे वर्षे मी भरभर ओलांडतो. त्यात एक वारस मुलगी फ्रान्सच्या जॉन राजाची राणी झाली. दुसरी, तिच्याच नावाची झान, बाराच्या आसपासच्या वयात अठ्ठेचाळीस वर्षांच्या बेरीच्या ड्यूकला दिली गेली. 28 जानेवारी 1393 च्या रात्री पॅरिसमध्ये एका नाचात सहाव्या शार्ल राजाने आणि त्याच्या सोबत्यांनी रानमाणसांची सोंगे घेतली होती. अंगावर डांबर आणि तागाचे धागे थापलेले कपडे होते. मशालीची ठिणगी पडली आणि सोंगे पेटली. चार जण भाजून मेले. राजा वाचला, कारण त्याच्या जवळ उभ्या असलेल्या या पंधरा वर्षांच्या झानने आपल्या झग्याचा घोळ चटकन त्याच्यावर टाकून आग विझवली.

तिलाही मूल झाले नाही. पंधराव्या शतकात बुलोन प्रत्यक्षात बरगंडीच्या ड्यूकांच्या ताब्यात गेले. खरे वारस ओव्हेर्नमध्ये नुसती पदवी बाळगून राहिले. 1477 मध्ये बरगंडीचा शेवटचा ड्यूक लढाईत पडला आणि फ्रान्सच्या अकराव्या लुईने बुलोन घेतले. वारसांना त्याने बदल्यात दक्षिणेकडचा दुसरा मुलूख दिला. आता एक अडचण उरली. बुलोन हे जुन्या कायद्याने आर्त्वाच्या काउंटचे मांडलिक वतन मानले जाई, आणि फ्रान्सच्या राजाने आपल्यापेक्षा खालच्या कोणापुढे गुडघे टेकणे शक्य नव्हते.

बुलोनच्या चर्चमध्ये मेरीमातेची एक जुनी लाकडी मूर्ती होती. सातव्या शतकात वल्ह्यांशिवाय आणि माणसांशिवाय एका नावेतून ती आपोआप किनाऱ्याला लागली अशी तिथली श्रद्धा, आणि तिच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू येत. 1478 मध्ये अकराव्या लुईने जाहीर केले, की बुलोनची खरी स्वामिनी ही मेरीमाताच आहे आणि फ्रान्सचा राजा तिचा मांडलिक आहे. कमरपट्टा न बांधता, घोड्याला मारायची काटेरी टाच पायात न लावता, उघड्या डोक्याने तो मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला, आणि मांडलिक आपल्या धन्याला नजराणा देतो तसे त्याने सोन्याचे एक हृदय तिच्यापुढे ठेवले. आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक राजाने गादीवर येताच असेच हृदय द्यावे, असे त्याने लिहून ठेवले.

1793 मध्ये क्रांतीच्या धामधुमीत ती मूर्ती जाळण्यात आली. आगीतून तिचा एक हात वाचला असे सांगतात, आणि तो हात बुलोनच्या जुन्या तटाच्या आतल्या चर्चमध्ये जपून ठेवला आहे.

नमस्कार.